स्पिरिट नावाचा बहुरूपी

दिवाळीच्या चार दिवसांत 'दारू' हा शब्द मराठी घरात जितक्या मोकळेपणाने उच्चारला जातो, तितका तो एरवी वर्षभरात उच्चारला जात नाही. आजोबा नातवाला विचारतात, 'काय रे, यंदा दारू किती आणली?' आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. शोभेची दारू, दारूकाम, दारूगोळा. भाऊबीज उरकली की हाच शब्द पुन्हा हळू आवाजात, दाराआड बोलायचा होऊन बसतो. मौज अशी की हा शब्द मूळचा फारसी, आणि फारसीत त्याचा अर्थ औषध. आपण आजही आजारी माणसाचे 'दवादारू' करतो ते त्या जुन्या अर्थाची आठवण ठेवून. औषध, स्फोटक आणि मद्य या तिन्ही वस्तू एका शब्दाच्या पोटात शतकानुशतके गुण्यागोविंदाने नांदल्या, कारण संदर्भावरून ऐकणाऱ्याला कळत असे की कोणती दारू म्हणायची आहे.

तसाच आणखी एक शब्द आपल्या बोलीत शिरला आहे, आणि तो मात्र इतका निरुपद्रवी ठरलेला नाही. तो म्हणजे 'स्पिरिट'. इंजेक्शन देण्यापूर्वी परिचारिका कापसाने दंडाला लावते ते स्पिरिट. पितळी स्टोव्ह घरोघर होते तेव्हा काकडा भिजवायला बाटलीत ठेवलेले तेही स्पिरिट. सुतार फर्निचरला पॉलिश करताना चपड्यात मिसळतो ते स्पिरिट. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या दिव्यात निळ्या ज्योतीने जळते ते स्पिरिट. आणि पुण्याहून नाशिक रस्त्याने निघून चाकणच्या अलीकडे कुरुळीपाशी आत वळले की निघोजे, महाळुंगे या गावांच्या शिवारात जे कारखाने गेल्या वीस वर्षांत उभे राहिले, त्यांच्या गोदामांत पिंपांतून जे भरलेले असते, त्यातल्या निम्म्या द्रवांना कामगार मंडळी 'स्पिरिट' नाही तर 'थिनर' एवढीच दोन नावे देतात. या एका नावाखाली निदान चार-पाच निरनिराळी द्रव्ये वावरतात. त्यांतले एक माणसाला झिंग आणते, दुसरे आंधळे करते. आणि दिसायला दोन्ही पाण्यासारखी स्वच्छ. या सारखेपणाचा इतिहास सांगावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पहिले जे द्रव्य, त्याला रसायनशास्त्रात एथिल अल्कोहोल म्हणतात. मोहाच्या फुलापासून, ताडीपासून, द्राक्षापासून किंवा उसाच्या मळीपासून जी दारू होते तिच्यातला मादक अंश तो हाच. दुसरे मेथिल अल्कोहोल, ज्याला व्यापारात मिथेनॉल म्हणतात. ते पूर्वी लाकूड बंद भांड्यात तापवून, त्याची वाफ थंड करून काढीत. म्हणून त्याचे जुने नाव 'काष्ठस्पिरिट'. रॉबर्ट बॉइल या अँग्लो-आयरिश शास्त्रज्ञाने 1661 साली त्याचे वर्णन केले. पुढे 1834 मध्ये ड्यूमा आणि पेलिगो या दोन फ्रेंच रसायनज्ञांनी त्याची घटना उकलली आणि नाव ठेवण्यासाठी ग्रीक भाषेतले दोन शब्द घेतले: 'मेथी' म्हणजे मद्य आणि 'हायली' म्हणजे लाकूड. यातला 'मेथी' आणि आपला संस्कृत 'मधु' हे एकाच कुळातले सख्खे भाऊ. तेव्हा या विषाचे शुद्ध मराठी भाषांतर करायचे झाले तर ते 'काष्ठमधु' असे होईल. इतके गोंडस नाव इतक्या दुष्ट पदार्थाला क्वचितच मिळाले असेल.

पण हे काष्ठमधु माणसाच्या पेल्यात आणून सोडले कुणी? याचे उत्तर जरा अवघड आहे, कारण त्याची सुरुवात सरकारने केली. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात मद्यावर जबर कर होता. वार्निश करणारे, टोप्या बनवणारे, संग्रहालयात प्राण्यांचे नमुने टिकवणारे, अशा साऱ्यांना मद्यार्क हवा असे, पण प्यायच्या दारूचा कर भरून तो घेणे परवडत नसे. सरकारला उद्योगही हवा होता आणि करही बुडू द्यायचा नव्हता. तेव्हा 1855 मध्ये तोडगा निघाला: नऊ भाग मद्यार्कात एक भाग अशुद्ध काष्ठस्पिरिट घाला, म्हणजे तो पिण्यालायक राहणार नाही, मग तो करमुक्त. या मिश्रणाला 'मेथिलेटेड स्पिरिट' म्हणू लागले. आपल्याकडे त्याचेच भावंड 'डीनेचर्ड स्पिरिट' म्हणून आले. निसर्गगुण काढून घेतलेले स्पिरिट, असा त्या शब्दाचा अर्थ.

त्या काळी या योजनेत एक सोय होती. कच्च्या काष्ठस्पिरिटाला इतकी घाणेरडी, डांबरट दुर्गंधी असे की बाटली नाकाशी नेताच माणूस मागे सरे. विष होते, पण ते ओरडून सांगत होते की मी विष आहे. पुढे 1923 साली जर्मनीत लॉयना येथील कारखान्यात वायूंपासून मिथेनॉल बनवण्याची कृती सिद्ध झाली. लाकडाची गरज उरली नाही. पदार्थ स्वस्त झाला, मुबलक झाला आणि अत्यंत शुद्ध झाला. त्या शुद्धतेबरोबर त्याची दुर्गंधीही गेली. आता त्याला वास येतो तो सौम्य, थेट दारूसारखा. उद्योगाच्या दृष्टीने ही मोठी प्रगती. सामान्य माणसाच्या दृष्टीने मात्र घराच्या राखणीचा कुत्रा मुका झाला. नंतरच्या काळात मद्यार्कात पिरिडीन घालणे, रंग घालणे, 1958 मध्ये स्कॉटलंडात हाती लागलेले एक विलक्षण कडू द्रव्य घालणे, असे उपाय झाले ते ही हरवलेली घाण परत आणण्यासाठीच. परंतु कारखान्याला शुद्ध मिथेनॉल लागते तिथे त्यात असले काही घालता येत नाही. ते पिंपातून येते ते तसेच, निर्मळ, देखणे.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. कोकणात आणि ठाणे जिल्ह्यात मोहाची दारू घरोघर गाळली जात असे. ब्रिटिश सरकारने 1878 चा मुंबई अबकारी कायदा करून ही घरगुती चूल विझवली आणि गाळप मोठ्या भट्ट्यांकडे नेले. उरण हे त्या भट्ट्यांचे नावाजलेले ठिकाण. ठाणे-कुलाबा जिल्ह्यांत तर 1892 साली मोहाच्या फुलांवरच कायदा झाला. जे फूल आदिवासी अन्न म्हणून खात, ते साठवणे गुन्हा ठरले. यामागे जनतेच्या आरोग्याची काळजी होती असे म्हणणाऱ्याने अबकारी उत्पन्नाचे आकडे पाहावेत. असो.

स्वातंत्र्याच्या चळवळीत दारूच्या दुकानांवर निरोधन झाले, आणि काँग्रेसचे मंत्रिमंडळ येताच दारूबंदी येणार हे उघड होते. बाळासाहेब खेर यांच्या पहिल्या मंत्रिमंडळात डॉ. गिल्डर यांनी 1 ऑगस्ट 1939 पासून मुंबई शहरात दारूबंदी आणली. पण महायुद्ध आले, मंत्रिमंडळ गेले आणि तो प्रयोग अर्धवट राहिला. स्वातंत्र्यानंतर 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि 1950 च्या एप्रिलपासून सबंध मुंबई राज्यात, म्हणजे आजच्या पश्चिम महाराष्ट्रापासून गुजरातपर्यंत, संपूर्ण दारूबंदी आली. मोरारजी देसाई तेव्हा गृहमंत्री होते.

या कायद्याची पहिली लढाई जी झाली ती व्हिस्कीपेक्षा कोलनवॉटरमुळे अधिक गाजावी अशी होती. मुंबईचे बलसारा नावाचे पारशी गृहस्थ उच्च न्यायालयात गेले आणि म्हणाले की मला व्हिस्की, ब्रँडी, बिअर तर राहोच, पण ओ-द-कोलन, लॅव्हेंडर वॉटर आणि मद्यार्क असलेली औषधेसुद्धा जवळ बाळगता येत नाहीत, हा कसला न्याय? छगला आणि गजेंद्रगडकर यांच्यासमोर हे प्रकरण चालले, मग सर्वोच्च न्यायालयात गेले. 1951 च्या मे महिन्यात निकाल लागला: दारूबंदी कायदा वैध, परंतु औषधे आणि प्रसाधने यांच्यावर घातलेली सरसकट बंदी अवैध. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला घटनेच्या अभ्यासासाठी पाठ करावा लागतो. मला त्यात निराळीच गोष्ट दिसते. न्यायालयाचे म्हणणे तर्काला धरून होते. सुगंधी पाणी म्हणजे दारू नव्हे. पण तहानलेल्या माणसाने त्या निकालाचा अर्थ असा लावला की जे दारू नव्हे त्यातही दारू असते, आणि ते उघड्या दुकानात मिळते.

मग जे व्हायचे ते झाले. ज्यांच्याकडे पैसा आणि ओळख होती त्यांनी प्रकृतीच्या कारणावरून डॉक्टरचा दाखला मिळवून परवाना काढला. त्या दशकात मुंबईत अनेक सुखवस्तू गृहस्थांची प्रकृती एकाएकी नाजूक झाली, हा वैद्यकाच्या इतिहासातला एक दुर्लक्षित चमत्कार म्हटला पाहिजे. गिरणगावातल्या माणसाला दाखला कोण देणार? त्याच्यासाठी गल्लीतला गुत्ता होता, काळ्या गुळाची आणि नवसागराची हातभट्टी होती, मोटारीच्या रबरी ट्यूबमध्ये भरून रातोरात येणारा माल होता. आणि त्याहूनही खालच्या पायरीवर होते ते टिंक्चर आणि फ्रेंच पॉलिश. आल्याचे टिंक्चर औषध म्हणून विकत घ्यायचे आणि पोट न दुखताच प्यायचे. पॉलिशमधली लाख खाली बसवून वरचे पाणी प्यायचे. या शेवटच्या पेयाला मुंबईच्या बोलीत 'खोपडी' असे नाव होते. नाव ठेवणाऱ्याने बाटलीवरचे कवटीचे चित्र पाहून ते ठेवले की प्यायल्यावर डोक्याचे काय होते ते पाहून, कोण जाणे.

फर्निचरचे पॉलिश लोक पितात, हे सरकारला कळले नव्हते असे नाही. दारूबंदी कायद्यात डीनेचर्ड स्पिरिटात फेरफार करून ते पिण्याजोगे करण्याला गुन्हा ठरवणारे कलम आहे. आणि 'डीनेचर्ड स्पिरिटपासून केलेले पदार्थ' यांची जी व्याख्या आहे तिच्यात फ्रेंच पॉलिश आणि वार्निश यांची नावे स्पष्ट घातलेली आहेत. कायद्याच्या रुक्ष पुस्तकात सुताराच्या डब्याचे नाव यावे, यावरून त्या डब्याने काय काय पाहिले असेल याची कल्पना करावी.

अमेरिकेत हाच खेळ तीस वर्षे आधी अधिक उघडपणे झाला होता. तिथे 1920 पासून दारूबंदी होती. कारखान्यांचा मद्यार्क चोरून, पुन्हा गाळून विकणाऱ्या टोळ्या माजल्या, तेव्हा सरकारने 1926 च्या सुमारास ठरवले की त्यात मिथेनॉलचे प्रमाण वाढवावे. त्या नाताळात न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत माणसे आंधळी होऊन आली, मरून गेली. शहराचे मुख्य वैद्यकीय तपासनीस डॉ. चार्ल्स नॉरिस यांनी जाहीरपणे सांगितले की सरकारला ठाऊक आहे लोक हे पिणार, तरीही सरकार विष मिसळते आहे. या मृत्यूंची नैतिक जबाबदारी सरकारवर आहे. पलीकडच्या पक्षाचे म्हणणे असे की जो कायदा मोडून पितो तो आपणहून मरतो. हा वाद आजही मिटलेला नाही. माझ्यापुरते सांगायचे तर कर वाचवण्यासाठी विष घालणे ही कल्पनाच मला अघोरी वाटते. पण विष न घालता कारखान्याचा मद्यार्क राखायचा कसा, हे नॉरिस यांच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही सांगता आलेले नाही.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर बंदी हळूहळू सैल होत गेली. 1973 च्या नियमांनी देशी दारूची परवानाधारक दुकाने उभी राहिली. आता खोपडीची गरज संपली, असे वाटायला हरकत नव्हती. पण परवान्याच्या दारूवर कर असतो आणि कर म्हणजे किंमत. तेव्हा त्या किमतीच्या खाली एक बाजार कायम उरला. त्या बाजारात आता नवे द्रव्य उतरले. पूर्वी पॉलिशमधून मद्यार्क काढावा लागे. आता रासायनिक कारखान्यांचे मिथेनॉल पिंपाने मिळू लागले. त्यात पाणी घातले की झाली दारू. ना भट्टी, ना गूळ, ना धूर, ना वास. पोलीस खाडीकाठच्या झाडीत भट्टीचा धूर शोधत राहिले, आणि मृत्यू डांबरी रस्त्याने टेम्पोतून आला.

2004 च्या डिसेंबरात मुंबईत विक्रोळीला ऐंशीहून अधिक माणसे अशा दारूने दगावली. 2015 च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणी भागात, लक्ष्मीनगर वस्तीत, शंभराहून अधिक. बंगलोरला 1981 मध्ये तीनशेच्या वर माणसे गेली. अहमदाबादेत 2009 मध्ये सव्वाशेच्या वर. आणि 2022 च्या जुलैत गुजरातच्या बोटाद भागात जी माणसे मेली त्यांनी तर जवळजवळ निव्वळ मिथेनॉलच पाण्यात कालवून घेतले होते, कारखान्याच्या गोदामातून चोरलेले. गुजरातेत आजही जी दारूबंदी आहे ती त्याच 1949 च्या मुंबई कायद्याची. नगर जिल्ह्यात पांगरमल गावी 2017 च्या फेब्रुवारीत निवडणुकीच्या जेवणावळीत वाटलेल्या बनावट दारूने माणसे मेली, आणि तपासात निघाले की ती दारू जिल्हा रुग्णालयाच्या आवारातल्या उपाहारगृहात तयार होत होती. औषधाच्या अंगणात विष! फारसी 'दारू'ची इतकी क्रूर कोटी कुणा नाटककारालाही सुचली नसती.

आपल्याकडे समजूत अशी आहे की हातभट्टीची दारू 'बिघडते' आणि माणसे मरतात. गूळ कुजला, भांडे कळकले, त्यात बॅटरीचे सेल टाकले. गलिच्छ हातभट्टीने आयुष्य झिजते यात शंका नाही. पण गूळ आंबवून मिथेनॉल नावापुरतेच होते. एका रात्रीत वस्तीची वस्ती लोळवील इतके ते चुलीवर तयार होत नाही. जिथे एकदम शेकड्याने माणसे मरतात तिथे बहुतेक दर वेळी माग काढावा तर तो एखाद्या कारखान्याच्या, गोदामाच्या, टँकरच्या दाराशी जाऊन पोचतो.

हे विष शरीरात करते काय, ते नीट समजून घेण्याजोगे आहे, कारण त्याच्या चालीतच त्याची खरी फसवणूक आहे. मिथेनॉल स्वतः फारसे घातक नाही. ते पोटात गेल्यावर थोडी झिंग येते, साध्या दारूइतकीही नाही. माणूस घरी येतो, जेवतो, झोपतो. इकडे यकृत आपले नेहमीचे काम सुरू करते आणि त्या मिथेनॉलचे आधी फॉर्माल्डिहाइड करते. कॉलेजात बेडूक ज्या पाण्यात बुडवून ठेवतात त्यातले द्रव्य ते हेच. मग त्याचे फॉर्मिक आम्ल होते, जे मुंगीच्या दंशात असते. मुंगीचे आम्ल रक्तात साठत जाते, रक्त आंबट होते, श्वास जड होतो, आणि डोळ्यामागच्या नाजूक मज्जातंतूवर त्याचा पहिला घाव बसतो. बारा तासांनी, कधी चोवीस तासांनी, रोगी म्हणतो की समोर पांढरे धुके दिसते. तेव्हा लोकांना वाटते रात्रीची उतरलेली नाही. कुणी लिंबू पाजतो, कुणी झोपवतो. दोन चहाचे चमचे, म्हणजे सुमारे 10 मिलिलिटर, निव्वळ मिथेनॉल दृष्टी घालवायला पुरते. 30 मिलिलिटरने माणूस मरू शकतो.

या उशिरामुळे आणखी एक अनर्थ होतो. गुत्त्यावर माल नवा आला की आधी एकाला पाजून पाहण्याची चाल असते. तो अर्ध्या तासात पडला नाही की माल चांगला. मिथेनॉलच्या बाबतीत ही परीक्षा निरुपयोगी आहे, कारण परीक्षा देणारा उद्या सकाळपर्यंत उत्तीर्णच असतो. नाकाची परीक्षा उपयोगाची नाही, जिभेची नाही, आणि काडी लावून निळी ज्योत पाहण्याची तर मुळीच नाही. दोन्ही स्पिरिटे निळीच जळतात.

यावरचा उतारा ऐकून वाचक हसतील. तो उतारा म्हणजे खरी दारू. यकृतातले जे द्रव्य मिथेनॉलचे विष बनवते, त्याला एथिल अल्कोहोल अधिक प्रिय आहे. दोन्ही समोर आली तर ते आधी हे उरकते आणि ते बाजूला ठेवते. तेवढ्या अवधीत मिथेनॉल शरीराबाहेर काढता येते. म्हणून डॉक्टर मोजून-मापून शुद्ध मद्यार्क देत आले आहेत. आता फोमेपिझोल नावाचे औषधही आहे, पण ते महाग आणि दुर्मिळ. जोडीला रक्तातले आम्ल मारणे आणि डायलिसिस करून रक्त धुणे. हे सारे रुग्णालयातच करायचे असते, घरी बाटली उघडून नव्हे. पण वेळेवर नेलेला माणूस वाचतो, डोळ्यांसह वाचतो, ही मोठी गोष्ट आहे. आपल्या माणसाने असे काही घेतल्याची शंका आली तर तो ठणठणीत दिसत असला तरी त्याच घटकेला न्यावा, आणि जे प्यायला त्याची बाटली बरोबर न्यावी. लाजेपायी सकाळ होऊ देऊ नये. मालवणीत काय किंवा आणखी कुठे काय, अनेक घरांत हीच एक रात्र हातची गेली.

कुणी म्हणेल, हे सगळे मिथेनॉलचे झाले. प्रयोगशाळेतला मद्यार्क तर शुद्ध असतो, बाटलीवर तसे छापलेलेच असते. ही समजूत शिकलेल्या माणसांची, त्यामुळे अधिक घट्ट. प्रयोगशाळेतले 'शुद्ध' म्हणजे प्रयोगाला पुरेसे शुद्ध. पोटाचा विचार तिथे कुणी केलेला नसतो. साध्या ऊर्ध्वपातनाने मद्यार्क 95 टक्क्यांच्या आसपास येऊन अडतो, उरलेले पाणी सुटत नाही. ते काढून 'निर्जल' मद्यार्क करण्यासाठी विसाव्या शतकात बहुतेक काळ बेंझीन घालून गाळण्याची रीत होती, आणि त्या बेंझीनचा अंश मागे राहू शकतो. बेंझीन रक्ताचा कर्करोग करते. दुसऱ्या बाटलीत आधीच मिथेनॉल मिसळलेले असते आणि तसे बारीक अक्षरात छापलेले असते. आणि यांतले काही नसले तरी तीव्रता राहतेच. दुकानातल्या व्हिस्कीत मद्यार्क शेकडा 42.8, प्रयोगशाळेतल्या बाटलीत त्याच्या दुपटीहून अधिक. घसा, अन्ननलिका, जठर भाजून निघते, आणि पिणारा नेहमीच्या हिशेबाने पेला भरतो तो दोन पेल्यांहून मोठा असतो. उद्योगासाठीची वस्तू आणि माणसासाठीची वस्तू यांतले अंतर विसरले की काय होते हे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 1986 साली दिसले. तिथे औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये कारखान्यातले विषारी ग्लायकॉल निघाले आणि चौदा रोगी गेले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची कसून चौकशी केली. दारूचा तिथे संबंध नव्हता. दिसायला सारख्या असलेल्या दोन द्रवांचा मात्र होता.

निघोज्याकडे पाहताना हा सारा इतिहास मला आठवतो तो यासाठी. इथे कांदा-बाजरीच्या रानात 2009 साली जर्मन मोटारींचा कारखाना सुरू झाला, मग त्याला सुटे भाग पुरवणारे, रंग देणारे, धुणारे-पुसणारे लहान कारखाने आले. रंगकामाला थिनर लागते, पत्रा पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल लागते, कुठे मिथेनॉल लागते. यात गैर काही नाही. उद्योग म्हटला की द्रावणे आलीच. पण पिंप रिकामे झाले की ते भंगारात जाते, भंगारातून धुऊन बाजारात येते आणि खोल्यांच्या चाळीत पाणी साठवायला दारापुढे उभे राहते. त्यावरचे चिकटवलेले कागद निम्मे सोललेले असतात. जे उरते ते इंग्रजीत. आणि त्या चाळीत राहणारा मुलगा नांदेडचा असतो, यवतमाळचा असतो, बिहारचा किंवा ओडिशाचा असतो. कामावर रुजू होताना त्याला हेल्मेट मिळते, बूट मिळतात, क्वचित कानात घालायचे बोळे मिळतात. 'स्पिरिट' या एका शब्दात किती वस्तू बसतात हे त्याच्या भाषेत त्याला सांगणे हे कुणाच्या कामाच्या यादीत आढळत नाही. पूर्वी शाळेच्या प्रयोगशाळेत मास्तर पहिल्याच तासाला बजावत, 'दिव्यातले स्पिरिट तोंडाला लावाल तर डोळे जातील.' दहशतीचे शिक्षण होते, पण ते आयुष्यभर पुरे.

ही भीती जुनी झाली असे ज्यांना वाटते त्यांनी 2021 चा एप्रिल आठवावा. टाळेबंदीत दारूची दुकाने बंद होती. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत सात माणसे हात धुण्याचे सॅनिटायझर पिऊन मेली. त्या वर्षी सॅनिटायझरची बाटली घरोघर, देवघराच्या फडताळापर्यंत पोचली होती. तिच्यावर 'अल्कोहोल 70 टक्के' असे ठळक छापलेले होते. सरकार, डॉक्टर, दूरदर्शन सगळे सांगत होते की हे अल्कोहोल तुमचे रक्षण करील. सत्तर वर्षांपूर्वी बलसारांच्या कोलनवॉटरवरून जो अर्थ गिरणगावात काढला गेला, तोच अर्थ वणीत काढला गेला. फक्त बाटलीवरचे नाव बदलले होते.

मालवणीच्या खटल्याचा निकाल लागायला जवळजवळ नऊ वर्षे लागली. 2024 मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने चौदा आरोपींपैकी चौघांना दोषी ठरवून दहा वर्षांची सक्तमजुरी दिली, आणि दहा जणांना सोडून दिले.